गप बसलेलं मशीन

सहकारी साखर कारखान्यात कॉम्प्युटर आला त्या साली कळंब भागात ऊस जागेवर वाळत होता. कुणाचा ऊस आधी तोडायचा यावरून गेटवर रोज भांडणं व्हायची. तो क्रम आता मशीननं लावायचा ठरलं, आणि पुण्याला शिकायला गेली केशर. पिराजीची पोरगी, बौद्धवाड्यातली पहिली पगारदार बाई.

ऊसतोडीच्या टोळ्या निघायच्या सकाळी मॅनेजर बब्रुवानराव तिच्या खुर्चीमागं उभे राहिले.

"केशरबाई, आज चुकलं तर मशीन खोक्यात, आन् तुम्ही परत वजनकाट्यावर पावत्या फाडायला."

युनिक्स नावाच्या त्या पद्धतीत हुकूम टाईप करून द्यावा लागे. तोडीच्या क्रमाची फाईल कच्च्या जागेवरून पक्क्या जागी हलवायची होती. केशरनं हुकूम दिला. पडद्यावर एक अक्षर उमटलं नाही. नुसतं पुढच्या हुकमाचं चिन्ह लुकलुकत राहिलं.

"काय म्हणतंय?"

"काहीच न्हाय, साहेब."

"मुकं हाय का? परत द्या की!"

तिनं तोच हुकूम परत दिला. आता मात्र मशीन बोललं: अशी फाईल इथं नाही.

"गेली! समदी मेहनत पाण्यात! लावा पुण्याला फोन!" बब्रुवानरावांनी रिसीव्हर उचलला. केशरनं पडद्यावरचे दोन्ही हुकूम परत वाचले.

आणि तिला बहात्तरच्या दुष्काळानंतरचं रान आठवलं. विहिरीत पाणी कमी, म्हणून बाप मोटारीपाशी बसलेला. ती शेवटच्या वाफ्यावर दारं धरायला, म्हणजे पाणी वळवायला. पाणी पोचलं की ती आनंदानं ओरडायची, "आलं, आलं!" पाट फुटला समजून बाप दचकून मोटार बंद करायचा. शेवटी वैतागून म्हणाला, "आगं, पाणी नीट चाललंय तवर गप ऱ्हायाचं. पाट फुटला तरच हाळी द्यायची!"

पहिल्या हुकमाला हाळी आली नव्हती. म्हणजे पाणी पोचलं होतं! दुसऱ्यांदा मागितली तेव्हा फाईल जुन्या जागी असणारच कशी?

"थांबा साहेब." पक्क्या जागी काय काय आहे, एवढंच तिनं मशीनला विचारलं. फाईलचं नाव समोर आलं. उघडली, तर तोडीच्या क्रमातली सगळी गावं जिथल्या तिथं.

"मग झालंय म्हणून सांगाया काय झालं हुतं त्याला?"

"बिघडलं तरच सांगतंय ते. आपुनच त्याला दोनदा छेडलं."

बब्रुवानरावांनी रिसीव्हर खाली ठेवला आणि काही न बोलता टोळ्या सोडायला गेटकडं गेले. त्या दिवसापासून ते तिच्या खुर्चीमागं कधी उभे राहिले नाहीत.

संध्याकाळी पिराजी दारात वाट बघत होता.

"साहेब काय म्हनले?"

"काहीच न्हाय, आबा."

पिराजीनं तिच्याकडं नीट बघितलं, आणि त्याची मान हळूहळू ताठ झाली.

"मंग ब्येस झालं," तो म्हणाला, आणि चहा ठेवायला स्वतः उठला.