वैशाली पास झाली तो मंगळवार

नितीनचा फोन आला तेव्हा मी बर्फी आणायला निघाले होते. अर्ध्या तासापूर्वीच त्याच्या बायकोचा, वैशालीचा, मेसेज आला होता : "पास झाले गं!!" आणि आता तो सांगत होता, "वैशाली कॉलेजच्या पार्किंगमध्ये कोसळली. हार्ट अटॅक. संपलं सगळं..."

जर्सी सिटीत आम्ही एकाच बिल्डिंगमध्ये राहायचो. नागपूरला ती शाळेत विज्ञान शिकवायची, इथे व्हिसापायी बारा वर्षं घरात बसली. कामाची परवानगी मिळाली आणि बाई चव्वेचाळिसाव्या वर्षी कम्युनिटी कॉलेजात नर्सिंग शिकायला गेल्या! वर्गातली पोरं 'मॉम' म्हणायची, हिला त्याचंही कौतुक. पण औषध देण्याच्या प्रॅक्टिकलमध्ये नापास झाली. आधी पेशंटला नाव आणि जन्मतारीख विचारायचीच, हा नियम. पेशंट म्हणून बसले होते सत्तरीचे एक आजोबा. "एवढ्या मोठ्या माणसाला तोंडावर नाव कसं विचारू गं? जीभच वळली नाही," ती रडत म्हणाली. आता एकच चान्स उरला होता. तो हुकला की कोर्समधून बाहेर. "मग परत घरात बसायचं? नाही जमणार यार मला."

मग रोज दुपारी मी पेशंट होऊन सोफ्यावर आडवी व्हायचे आणि ती मला नाव विचारायची. शेवटचे तीन दिवस ती मधेच थांबून छातीखाली हात दाबायची. घामाने चिंब. "ॲसिडिटी आहे," म्हणायची. बायकांचा हार्ट अटॅक असा ॲसिडिटीसारखाही येतो, हे त्याच महिन्यात शिकून तिनेच मला समजावलं होतं. "चल, डॉक्टरकडे जाऊ," मी म्हणाले. "ॲडमिट केलं तर टेस्ट मिस होईल. मंगळवार होऊ दे." आणि मी शहाणीने काय केलं? ताक करून दिलं. "बरं, होऊ दे मंगळवार," म्हणाले.

नितीन, तू हे वाचशील. तिला दुखत होतं, ते मला माहीत होतं. तुला सांगायची हिंमत झाली नाही रे... अजूनही समोर येऊन होत नाही.

हल्ली घरात कुणी नुसतं पोट चोळलं तरी मी गाडीची किल्ली उचलते. परवा नवऱ्याला इमर्जन्सीत नेलं. गॅस निघाला. तो हसत बाहेर आला आणि मी तिथल्या खुर्चीत ओक्साबोक्शी रडत होते. आमच्या दारापासून हॉस्पिटलपर्यंत फक्त चार सिग्नल लागतात.