बोटभर वर

पैलवान नावाचाच पैलवान. दंड बघाल तर मांडीएवढे, पण धातू कापायचं मशीन मध्येच थांबलं की गड्याची पाचावर धारण बसायची. कापणारं टूल गरगर फिरत खाली यायचं आणि जॉबच्या, म्हणजे कापायच्या तुकड्याच्या, बोटभर वर येऊन उभं राहायचं. कुणीतरी वाकून बघतंय आणि त्याचं बघून व्हायचंय, असं. मग पैलवान मशीनच्या दाराच्या काचेवर हात टेकवून हळूच म्हणायचा, "दादा, बघून झालं?" आणि मगच हिरवं बटण दाबायचा.

हे खूळ सगळ्या वर्कशॉपला लागलं होतं. मशीन चालवणारा दादा जाऊन वर्ष होत आलं, तरी त्याला विचारल्याशिवाय कुणी धातूला टूल लावत नसे. विचारायचं ते एकटी ताईच विचारत नव्हती.

ताई ही दादाची सख्खी धाकटी बहीण. केबिनमध्ये बसून ती कॉम्प्युटरवर भागाचं चित्र उभं करायची, कुठलं टूल कुठून फिरायचं ते ठरवायची, आणि 'पोस्ट' नावाची फाईल ते सगळं मशीनच्या भाषेत उतरवून द्यायची. त्या पोस्टमध्येच थांबायची एक ओळ होती, दादाने हट्टाने घालायला लावलेली. भूतबित काही नाही हो, साधी ओळ! ताईला हे पक्कं ठाऊक होतं. तरीही बाहेर ते टूल नुसतंच फिरत राहिलं की ती तोंड फिरवून बसायची.

कारण त्या ओळीवरूनच दोघांचं वाजलं होतं. "आता स्क्रीनवर जॉब धरणारे क्लॅम्पसुद्धा दिसतात. टूल कुठे धडकणार असेल तर सॉफ्टवेअर आधीच बोंब मारतं. मग थांबायचं कशाला?" ती म्हणाली.

"डोळ्यांनी बघितल्याशिवाय मी कापत नाही," दादा म्हणाला.

"मग बघत बस जन्मभर!"

सगळ्यांदेखत बोलून गेली, आणि तिथून अबोला. हात धरून शिकवलं कुणी? दादानेच. पण हिच्या नाकावर राग आणि तोही तसलाच हेकट. एका छपराखाली काम करायची आणि निरोप पैलवानामार्फत पाठवायची. आज बोलू, उद्या बोलू करता करता जेवणाच्या सुट्टीत दादाचं हृदय बंद पडलं. मेलेल्या माणसाशी धरलेला अबोला कसा मोडायचा, सांगा बघू! आणि तो तर खरंच बघत बसला होता.

तशात नवं सॉफ्टवेअर आलं आणि पोस्ट नव्याने लिहायची वेळ आली. मालक म्हणाले, "ताई, ते मध्येच थांबणं काढून टाका हो. मशीन कापायला घेतलंय, विचार करायला नाही." ताईने ओळ लिहिली, पुसली, पुन्हा लिहिली. ठेवली तर दादा रोज असाच उभा राहणार आणि आपण रोज तोंड फिरवून बसणार. काढली तर तो कायमचा गेला, तोही आपल्या हाताने. शेवटी मन घट्ट करून तिने ओळ पुसली, आणि पहिला जॉब लागताना स्वतः मशीनपाशी जाऊन उभी राहिली.

टूल फिरायला लागलं. खाली आलं. आणि जॉबच्या बोटभर वर येऊन थांबलं.

ताई पैलवानाकडे वळली. "अरे, ओळ काढली होती मी!"

"मी काही केलं नाही हं ताई," पैलवान ततपप करायला लागला. "आईशप्पथ! आपोआप थांबलं."

तिने पॅनेलकडे बघितलं. टूलचं खाली सरकणं थांबवायच्या बटणावर पैलवानाचा अंगठा घट्ट दाबलेला होता, आणि त्याला त्याचा पत्ताच नव्हता. इतकी वर्षं दादाशेजारी उभं राहून त्याच्या हाताला थांबायची ती जागा पाठ झाली होती.

ताईने त्याला सांगितलं नाही. वाकून काचेतून आत बघितलं. क्लॅम्प जागच्या जागी, जॉब सरळ, कुठे म्हणजे कुठे चूक नव्हती. खरी ठरली तीच. त्या खरेपणाचं आता काय लोणचं घालायचं होतं? तिला रडू फुटलं.

पैलवान सवयीने तोंड उघडणार, तोच तिने त्याला हाताने गप्प केलं आणि स्वतःचा तळवा काचेवर टेकवला.

"दादा," ती म्हणाली, "बघून झालं?"

टूल नुसतंच फिरत होतं. तिने जरा वाट बघितली आणि मग हिरवं बटण दाबलं.