भुऱ्याच्या नावाने हाक

अर्नाळ्याहून आमच्या गोखिवऱ्याच्या इमारतीत मासे घेऊन येणाऱ्या मावशींचं नाव मला माहीत नाही. माझंही त्यांना माहीत नसावं. त्या खालून हाक मारायच्या ती आमच्या कुत्र्याला. “भुऱ्या, ए भुऱ्या! आईला घेऊन ये, बांगडं हायत!” दार उघडलं की भुऱ्या माझ्या पायांतून घुसून आधी खाली पळायचा आणि टोपलीभोवतीची मांजरं हुसकावायचा. मावशी भावात कधी नमतं घेत नसत, वर माझ्यावरच खेकसत. पण बांगड्याचं डोकं उडवलं की ते त्याच्यापुढे.

भुऱ्या गेल्यावर काही दिवस मी मासेच घेतले नाहीत. मग पुन्हा हाक आली, तेव्हा खाली जाऊन सांगितलं. मावशी मान खाली घालून बांगडा साफ करत राहिल्या. सवयीने डोकं पायरीवर ठेवलं. एक मांजर पुढे आलं, तशा कोयता उगारून ओरडल्या, “तुजं नाय ते!” आणि डोकं उचलून परत टोपलीत टाकलं.

पुढच्या खेपेला पुन्हा तीच हाक. खालच्या मजल्यावरच्या वहिनी चिडल्या, “मावशी, काही वाटतं का? कुत्रा गेला ना त्यांचा!”

“ठाव हाय. पन या घराला मी दुसऱ्या नावानं कदी बोलवलंच नाय.”

मी पिशवी घेऊन निघालेच होते. दार उघडून जरा बाजूला सरले, त्याला आधी जाऊ द्यायला.