नंदाकाकीनं सुधारलेले दात

नंदाकाकी जाधव माणसाशी बोलायच्या आधी त्याचे दात बघते. जय भीम नंतर, बरी आहेस का नंतर. पर्समधला गोल आरसा काढते, समोरच्या बाईच्या तोंडापुढे धरते आणि म्हणते, "हस." बाई हसली की तिला भाजक्या तंबाखूच्या मशेरीने काळे पडलेले आपलेच दात दिसतात आणि हसू जागच्या जागी मरतं. व्यसनमुक्तीवाले साहेब गाडीतून येतात, पडद्यावर फुप्फुसं दाखवतात, चहा पितात आणि जातात. सातवी शिकलेल्या काकीने एका आरशावर रत्नागिरीजवळच्या हातखंब्याच्या आसपासच्या वाड्या हलवल्या. तंबाखूच्या पुड्यांची टपरी शाळेसमोरून उठवली, तीसुद्धा उपोषणाची धमकी देऊन. त्या दिवशी ती घरून भरपेट जेवून निघाली होती, हे टपरीवाल्याला कुठे ठाऊक.

हलली नाही ती एकच बाई, शेजारची हौसा. दोघी एकाच वर्षी लग्न होऊन वाडीत आल्या आणि तेव्हापासून भांडतायत.

"दाढ दुखते गो माजी," हौसा म्हणायची.

"मशेरीनंच सडली ती."

"आणि दुखते म्हणून मशेरी लावते. तू कशाला मधी पडतेस?"

यावर काकी आरसा पर्समध्ये टाकून चालू लागायची.

जानेवारीत काकीचा मुलगा महेंद्र मुंबईहून गाडी घेऊन आला आणि मागच्या सीटवरून त्याने एक पिंजरा उतरवला. आत चिंचिला होता. सशापेक्षा लहान, खारीसारखी शेपटी, बशीएवढे कान आणि अंगावर इतकी दाट राखाडी लव की हात लावला तर बोटं बुडावीत. मूळचा कुठल्या तरी थंड डोंगरातला. महेंद्रच्या मुलीने, सानवीने, त्याचं नाव कापूस ठेवलं होतं. मुंबईच्या घरमालकाला प्राणी चालत नव्हता. दुसरी जागा मिळेपर्यंत कापूस आजीकडे. परीक्षा संपली की मे महिन्यात सानवी स्वतः न्यायला येणार.

"आज्जी, तू सांभाळशील ना?" सानवीने फोनवर विचारलं.

"वाडी सांभाळते, तुझा उंदीर नाय सांभाळणार?"

कापसाला उकाडा सोसत नाही म्हणून महेंद्रने मधल्या खोलीत एसी लावला. आईला घाम येत होता त्या चाळीस वर्षांत हे कधी त्याला सुचलं नव्हतं, पण ते असो. एसी लागल्याच्या आठवड्यातच बचत गटाची बैठक समाजमंदिरातून काकीच्या मधल्या खोलीत सरकली. कधी न येणाऱ्या बायासुद्धा वेळेवर यायला लागल्या आणि विषय संपले तरी उठेनात.

महेंद्र निघताना सगळं समजावून सांगत होता. वाळलं गवत कायम समोर हवं, खाण्याच्या हिरव्या गोळ्या मोजून द्यायच्या, गोडधोड नाही, आंघोळ पाण्याने नाही, डब्यातल्या बारीक मातीत तो लोळतो तीच आंघोळ. काकी मान हलवत होती. ऐकत नव्हती, कारण तेवढ्यात कापसाने जांभई दिली होती आणि तिला त्याचे दात दिसले होते.

पुढचे चारही दात गडद नारिंगी.

महेंद्रची गाडी वळणाआड गेली तशी काकीने आंघोळीचा डबा उघडला. आत करडी, मऊ, चिमटीत धरावी अशी पूड. शेजारून हौसा डोकावली, पूड बोटावर घेऊन हुंगली आणि जाणकारासारखी म्हणाली, "भाजलेली नाय वाटत. पण दळलीय बारीक."

काकीने तिथल्या तिथे महेंद्रला फोन लावला. "ह्याला मशेरी कोण लावतं?"

"आई, ती आंघोळीची माती आहे."

"तुझा आजापण सांगायचा, दात घासायची पूड आहे म्हणून."

"अगं, त्याचे दात तसेच असतात."

"प्रत्येक बाई मला हेच सांगते," काकी म्हणाली आणि फोन ठेवला.

डबा तिने चार वेळा हुंगला आणि नाइलाजाने मातीला निर्दोष सोडलं. मग संशय गोळ्यांवर गेला. हिरव्यागार, कडक, रंग लावल्याशिवाय खाणं एवढं हिरवं असतं होय? गोळ्या बंद. गवत तर पिवळंच होतं, वर काडीसारखं कडक. पिवळं खाल्लं की दात पिवळे होणारच, यात शिकायचं काय. गवतही बंद, ते गेलं हौसाच्या म्हशीला. कापसाला सुरू झाली दुधात भिजवलेली भाकरी, मऊ भात आणि केळ्याचा तुकडा. कापूस दोन दिवस रुसला, तिसऱ्या दिवशी खाऊ लागला. काकीला अनुभव होता. सोडताना सगळेच रुसतात.

संध्याकाळी सानवी व्हिडिओ कॉल करायची. "आज्जी, गवत खातो ना?"

"मजेत आहे बघ," काकी म्हणायची आणि फोन पिंजऱ्याकडे फिरवायची, फार जवळ न नेता.

मार्च संपत आला आणि चमत्कार झाला. कापसाच्या दातांचा नारिंगी रंग हिरडीकडून फिका पडत पडत पार उतरला. दात दुधासारखे पांढरे. पुढच्या बैठकीत काकीने त्याला मांडीवर घेतलं, ओठ हलकेच वर केला आणि बायांपुढे फिरवला.

"बघून घ्या. मुकं जनावर सुधारलं. तुम्हाला तर बोलता येतं."

बाया खाली बघू लागल्या. हौसाने तोंडावर पदर धरला.

पण त्याच आठवड्यापासून कापसाची हनुवटी ओली राहायला लागली. गळ्याखालची लव चिकटून तिचे दोरे झाले. काकी म्हणाली, दात येताना पोरंही लाळ गाळतात. मग त्याच्या लेंड्या तांदळाएवढ्या बारीक झाल्या. काकी म्हणाली, चैत्रात कोण पोटभर जेवतं. मग उचलताना पोकळ लागायला लागला, लवच लव, खाली अंग नाही. या वेळी काकीने त्याला उगाच दोनदा उचलून बघितलं.

त्या दिवशी दुपारी हौसा नेहमीसारखी एसीत येऊन बसली होती. कापसाने वाटीतला भाकरीचा तुकडा दोन्ही हातांत उचलला, तोंडाशी नेला, दातांत धरला आणि टाकला. पुन्हा उचलला, पुन्हा टाकला. मग पंजाने गाल घासत कोपऱ्यात गेला.

हौसा पिंजऱ्याशी सरकली. "नंदा, ह्याची दाढ दुखते."

"गप गो. दात बघ त्याचे, मोत्यासारखे आहेत."

"पुढचे मोती असू देत. मी असंच करते. भूक लागते, घास उचलते, तोंडाशी नेते नि ठेवते. तू नाय बघितलंस कधी. तू पुढचेच बघतेस."

काकीने पर्समधला आरसा काढला, का ते तिलाही कळलं नाही, आणि परत ठेवला. मग फडक्यात बर्फाची बाटली गुंडाळून कापसाशेजारी ठेवली आणि पिंजरा उचलला.

रत्नागिरीत गाई-म्हशी आणि कुत्री बघणारा डॉक्टर हर्षद. तरुण, सरळ माणूस. कापसाला बघून म्हणाला, "मावशी, खोटं नाही सांगत, हे मी पुस्तकात बघितलंय फक्त. माझ्याबरोबर शिकलेली रेणुका कोल्हापुरात असेच छोटे प्राणी बघते. तिला विचारतो." त्याने फोन लावला, आवाज मोठा केला.

पलीकडून प्रश्न येत गेले. हनुवटी ओली आहे? आहे. घास उचलून टाकतो? टाकतो. डोळ्यातून पाणी? नाही. वजन? उतरलंय. गवत?

"गवत बंद केलंय," काकी म्हणाली.

पलीकडून रेणुकाने विचारलं, "बरं. पुढच्या दातांचा रंग काय आहे?"

एवढ्या प्रश्नांत हा एकच काकीच्या हक्काचा होता. ती पुढे वाकली. "पांढरेशुभ्र. आला तेव्हा घाण नारिंगी होते, मी केले पांढरे."

"मावशी," रेणुका हळू म्हणाली, "ह्यांचे दात नारिंगीच असायला हवेत. पांढरे झाले म्हणजे अंगातलं कॅल्शियम कमी पडलंय. आणि गवत चावून मागच्या दाढा झिजतात. झिजल्या नाहीत तर त्या वाढत राहतात, टोकं जिभेत घुसतात. त्याला भूक आहे, चावता येत नाहीये. पोट रिकामं राहिलं तर आतडी थांबतात. ती थांबायच्या आधी त्याला इकडे कोल्हापूरला घेऊन या."

काकी खुर्चीवर बसली. टेबलावर कापूस, ओल्या हनुवटीचा, मोत्यासारख्या दातांचा. बैठकीत फिरवून दाखवलेला.

हर्षदने चमच्याने पातळ भरवायला सांगितलं आणि पहाटे ऊन चढायच्या आत निघा म्हणाला, एसी गाडीतूनच. हातखंब्यात एसी गाडी भाड्याने चालवणारा एकच होता, हौसाचा मुलगा संदेश. शाळेसमोरून उठवलेली ती टपरी त्याचीच.

काकी त्याच्या दारात उभी राहिली. त्याच्या गालात पुडी होती, तो गाल त्याने दुसरीकडे फिरवला.

"काकी, दात बघायला आलात?"

"नाय रे. गाडी हवी."

संदेशने पिंजऱ्यात बघितलं. "ह्याची काय टपरी उठवलीत?"

काकीने खाली मान घातली. वाडीत हे कोणी कधी बघितलं नव्हतं. संदेश बाहेर जाऊन थुंकला, चूळ भरली आणि चावी घेऊन आला.

पहाटे हौसाही न विचारता गाडीत येऊन बसली. निघण्याआधी काकीने सानवीला व्हिडिओ कॉल केला. पोरगी झोपेत होती. "बाळा, मजेत नाय तो. मी गवत बंद केलं होतं. दात पांढरे करायला." सानवी रडली, मग रडत रडतच म्हणाली, "आज्जी, आता तरी फोन जवळ ने." काकीने नेला, अगदी नाकाजवळ, आणि आंबा घाट चढेपर्यंत तसाच धरून ठेवला. रेंज मध्येच गेली तरी.

कोल्हापुरात रेणुकाने जबड्याचा एक्स-रे काढला. दाढांची मुळं अजून डोळ्याकडे चढली नव्हती. गुंगी देऊन दाढांची टोकं घासली. कापूस शुद्धीवर आला तेव्हा काकीने पिंजऱ्यात गवताची एक काडी सरकवली. त्याने हुंगली. उचलली. तोंडाशी नेली. काकी, हौसा आणि संदेश तिघंही पुढे वाकले. कर्र असा बारीक आवाज आला.

"दर आठवड्याला वजन करा," रेणुका म्हणाली, "वाणसामानाच्या काट्यावर चालेल. दातांचं दुखणं दिसायच्या आधी वजन उतरतं. आणि पुन्हा बघायला आणा, हे एकदा घासून संपत नाही."

परत येताना शहरातच काकीने गाडी एका पाटीसमोर थांबवली. पाटीवर मोठी दाढ काढलेली होती.

"हे कशाला?" हौसाने विचारलं.

"उतर."

"मशेरीवर बोलशील तर नाय उतरणार."

"नाय बोलत. आधी दाढ."

डॉक्टर हौसाची दाढ काढत असताना काकी बाहेर पिंजरा मांडीवर घेऊन बसली होती. आतून हौसाचा आवाज आला तेव्हा कापसाने कान उभे केले, आणि काकीनेही.

मेमध्ये सानवी आली. बैठक भरलेली, एसी चालू. सानवीने कापसाला उचललं, ओठ वर केला. हिरडीपाशी फिका, केशरट पट्टा उगवला होता. बायांनी टाळ्या वाजवल्या. हौसा मोकळ्या गालाने सगळ्यांत मोठ्याने हसली. मशेरी तिने अजून सोडली नव्हती, पण आता फक्त सकाळी लावायची, तीही काकीच्या पाठीमागे.

"म्हंजे नंदा," ती म्हणाली, "पिवळे दात चांगलेच की."

काकीने पर्स उघडली, आरसा काढला आणि तिच्यापुढे धरला.

"त्याला परवानगी आहे. तुला नाय. हस."