लांबलेला ‘हव’

आमच्या साडूभाऊंइतका संशयी माणूस अख्ख्या छत्तीसगडात दुसरा सापडायचा नाही. आणि त्यांचा संशय माणसांवर नव्हता, वजनांवर होता. भनपुरीच्या गोदामात ते हमालांचे मुकादम. नव्या पोत्याभोवती फौजदारासारख्या दोन चकरा मारत, बुटानं ढोसत, मगच कुणाला हात लावू देत. आमच्या बूढापाऱ्यातल्या घरी जेवायला आले, तरी नजर सिलिंडरवर. एकदा मी तो कमरेत वाकून उचलायला गेलो, तर भरल्या ताटावरून उठले. "काहून वाकून राहिला बे? गुडघे काय मिरवायले ठेवले? खाली बस, छातीशी धर, मंग ऊठ." बायकोसमोर मला त्या सिलिंडरला तीनदा मिठी मारायला लावली. तेव्हापासून ती त्याला माझी दुसरी म्हणते.

हमालांचं दुखणं ते एका शब्दावरून ओळखत. "कमर?" असं विचारायचे, समोरून छत्तीसगडी होकार यायचा, "हव." दुखतं म्हणून कबूल करणारा त्यांच्याकडे एकही गडी नव्हता, म्हणून ते त्या ‘हव’ची लांबी मोजत. आखूड असला तर मणका शाबूत. लांबला, की गडी कळ गिळून राहिला.

नवं राज्य झालं तेव्हा भोपाळहून फायलींचे इतके ट्रक आले, की तिकडे आता नुसते पंखेच उरले असतील असं मला वाटलं. त्यातल्या एका खात्याचे बस्ते, म्हणजे फडक्यात बांधलेले फायलींचे गठ्ठे, साडूभाऊंच्या हमालांना दुसऱ्या दिवशीच्या कचेरीच्या उद्घाटनाआधी उतरवायचे होते. पाचव्या बस्त्याला बिसाहूचा, म्हणजे सगळ्यात जुन्या हमालाचा, ‘हव’ पार गोल बाजारापर्यंत लांबला. साडूभाऊंनी काम थांबवलं, म्हणाले, बस्ते सोडा, निम्मे करा. ट्रकाबरोबर आलेल्या साहेबांनी बजावलं, "गाँठ खोली, तो मुकादमी जाएगी." साडूभाऊंनी पहिली गाठ स्वतः सोडली. वर्षभर तलावांच्या फायली रस्त्यांच्या कपाटात नांदल्या. मुकादमी मात्र आठवड्यातच गेली.

बिसाहूची कमर वाचली. परवा गेलो, तर साडूभाऊ खाटेवर. पायांत जीव नाही. त्यांना उन्हात बसवायला बिसाहू रोज येतो, तोही आता पिकलेला. गुडघ्यांत बसला, त्यांना छातीशी धरलं आणि सावकाश उठला. त्याच्या खांद्यावरून साडूभाऊंनी विचारलं, "कमर?"

"हव."

साडूभाऊ डोळे मिटून निवांत उन्हात बसले. मला मात्र तो ‘हव’ जरा जास्तच आखूड वाटला.