द्वारकाकाकीचं फाटक

आमच्या बेटावरच्या सवान भागातली आगगाडी बंद होऊन इतकी वर्षं झाली की रुळांच्या जागी ऊस उभा आहे, आणि आता सरकारला तिचा पुळका आलाय. धावत होती तेव्हा कुणी ढुंकून पाहिलं नाही. मेलेल्या म्हशीला मणभर दूध! आमच्या गावच्या फाटकाजवळचं दोन खोल्यांचं घर वारसा समितीने रंगवलं, नवं लाल-पांढरं फाटक बसवलं आणि दारावर नागू सकारामच्या नावाची पाटी लावायचं ठरवलं.

नागू फाटकवाला होता हे कागदावर खरं. पगार त्याचा, टोपी त्याची. फाटक मात्र त्याची बायको द्वारकाकाकी ओढायची. नागू चिन्याच्या दुकानात रम पीत बसलेला आणि इकडे सुयाककडून येणारी गाडी शिटी द्यायची. काकी चुलीवरचं टोमॅटोचं रुगाय खाली उतरवून, पोर काखोटीला मारून धावायची. पोट पुढे आलं तरी तेच, वादळ आलं तरी तेच. हे अख्ख्या गावाने पाहिलंय. पण समितीचा माणूस विचारायला आला तेव्हा एकजात सगळ्या पुरुषांनी नागूचंच नाव सांगितलं.

काकीला एकच हवं होतं, त्या भिंतीवर आपलंही नाव. धाकट्या मुलाला, आनंदला, तिने माझ्यासमोरच सांगितलं.

"आई, तू घरचं केलंस. नोकरी बाबांची होती."

"घरचं? तो रस्ता काय माझ्या माहेरचा होता?"

"आता या वयात मिरवायचंय का तुला?"

"हो, मिरवायचंय. तुझ्या बापाने मिरवलं तेवढं बास झालं."

आनंदने समितीला काहीच कळवलं नाही. म्हणून मीच जाऊन मिस्ये ओलिवियेंना सगळं सांगितलं. समितीचं काम तेच बघत होते. ते गोड हसले. "भिंतीवर त्यांचं नाव आहे, मादाम. आम्ही जुनं दप्तर चाळलंय." मी वेडी! धावत जाऊन काकीला पेढ्यासारखी बातमी दिली.

उद्घाटनाला ती ठेवणीतली हिरवी साडी नेसून आली. बाहेर भाषणं चालली होती, आनंदच्या गळ्यात हार पडत होते. दारावरच्या पाटीवर नागूने तीस वर्षं निष्ठेने केलेली सेवा होती. काकीला वाचता येत नाही. माझा हात धरून ती आतल्या खोलीत आली.

"सुशी, कुठाय गं माझं?"

मागच्या भिंतीवर होतं. मी मनातल्या मनात वाचलं.

"अगं वाच की. मूग गिळलेस का?"

शेवटी मोठ्याने वाचलं. 'या फाटकात बैलगाडीवाला बिसेसर मालगाडीखाली सापडून ठार झाला. फाटक त्या वेळी नागूची पत्नी द्वारका हिच्या हाती होते. तिच्या हलगर्जीपणामुळे ते उघडे राहिले.'

साफ खोटं. त्या दुपारी काकी याच खोलीत बाळंत होत होती. माझी आई तिच्या उशाशी होती आणि आनंद जन्माला येत होता. नागूला जन्मात एकदाच फाटकावर उभं राहावं लागलं, आणि तेव्हाही तो झिंगलेला होता. चौकशीत त्याने बायकोला पुढे केलं. बाळंतिणीच्या खोलीत डोकवायला साहेब आलाच नाही. नवऱ्याची नोकरी गेली तर डोक्यावरचं छप्पर जाईल, म्हणून काकीने तोंड शिवून घेतलं.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "काकी, मी आत्ता बाहेर जाऊन सांगते. त्या आनंदलाच विचारते, तू जन्मलास कुठल्या दिवशी!"

तिने माझा हात सोडला नाही. "यातलं 'द्वारका' कुठलं, ते दाखव."

मी दाखवलं. तिने त्या अक्षरांवरून बोट फिरवलं.

"म्हणजे माझं नाव लिहिता येत होतं यांना," ती म्हणाली.