गिताबाईची कोळंबी

वडगाव रासाईच्या गिताबाईनं उभ्या जन्मात कोळंबी तोंडात घातली नव्हती. गळ्यात तुळशीची माळ, एकादशी कधी चुकली नाही. तरी सगळ्या शिरूर तालुक्यात लोण्यातली कोळंबी करावी तर तिनंच. कारखान्याच्या गेस्ट हाऊसवर चौदा वर्षं तिनं परदेशी साहेबांना ती करून घातली. चव बघायची सोय नाही, म्हणून सगळा कारभार नाकावर. मंद आचेवर लोणी, लसणाचे पातळ काप, ते लाल व्हायच्या आत कोळंबी. ती गुलाबी होऊन वळली की पांढरी वाईन. वाईनचा आंबट वास उडाला की गॅस बंद. तिचं नाक कधी चुकलं नाही.

लेक रुपाली नर्स झाली आणि केडगावचं स्थळ आलं. मुलाचे वडील हौसराव मोठे बागायतदार, तेही माळकरी. म्हणजे लोकांसमोर. गेस्ट हाऊसवर गिताबाईची कोळंबी खाऊन त्यांनी तीनदा बोटं चाटली होती, तेव्हा माळ खिशात होती. बैठकीत मात्र म्हणाले, "पोरगी पसंत हाय. पन विहीणबाईंचा हात दारूत आन् मासळीत. कन्यादान चुलता-चुलतीनं करावं."

गिताबाईनं नवऱ्याकडं पाहिलं. आण्णा पानाला चुना लावत होता. "तुम्ही म्हनाल तसं," म्हणाला. ज्या हातांनी पोरगी शिकवली, त्या हातांसाठी एक शब्द निघाला नाही मेल्याच्या तोंडून!

"मंग पाठवणीची ओटी तरी मीच भरनार," गिताबाई म्हणाली. "पहिली ओटी आईची असती."

"भरा की," हौसराव हसले. "कोन न्हाई म्हनतंय?"

लग्नाच्या दिवशी ती कार्यालयात पोचते न पोचते तोच हौसरावांनी तिला मागच्या खोलीत नेलं. तिथं शेगडी मांडलेली, पुण्याहून बर्फातनं आणलेली सोललेली कोळंबी, वाईनच्या बाटल्या. खास पाहुण्यांसाठी.

"अवो, माझ्या लेकीचं लगीन हाय!"

"मंगलाष्टकाच्या टायमाला पोरीच्या आईनं तिकडं बघायचंच नसतं. तुळशीला पानी घालत बसायचं, रीतच हाय. तेवढ्यात व्हतंय तुमचं." मग आवाज खाली आणून म्हणाले, "पाहुणं नाराज झालं, तर पोरीलाच ऐकावं लागंल."

गिताबाईनं पदर खोचला. स्पीकरवर मंगलाष्टका सुरू झाल्या. तुळशीला पाणी घालायच्या वेळी ती कढईत वाईन ओतत होती. "सावधान" ऐकलं की डोळे भरायचे, आणि भरल्या डोळ्यांनीसुद्धा लसूण करपू दिला नाही. हौसराव आले, माळ खिळ्याला अडकवली, कढईतूनच दोन उचलून खाल्ल्या. "वा! अजून दोन घाणे काढा," म्हणाले.

घाणे संपले तेव्हा पाठवणीची हलगी वाजत होती. गिताबाईनं साबणानं, मग लिंबानं, मग पुन्हा साबणानं कोपरापर्यंत हात घासले. लुगडं बदललं. महिनाभर जपून ठेवलेलं ओटीचं ताट घेऊन ती धावली. खण, नारळ, तांदूळ, हळकुंड.

रुपाली गाडीपाशी उभी होती. शेजारी तिची सासू मुक्ताबाई. गिताबाईला बघून मुक्ताबाईनं पदर नाकाला लावला.

रुपालीनं ते पाहिलं आणि एक पाऊल मागं सरली.

"आई, नगं," ती हळूच म्हणाली. "शालूला वास लागंल." आणि चुलतीकडं वळली, "सुवर्णाकाकू, तुम्हीच भरा ओटी."

सुवर्णानं मान खाली घालून ताट घेतलं, ओटी भरली. गाडी गेली. मागून कुणी तरी ओरडलं, "विहीणबाई, पाहुणं कोळंबी अजून मागत्यात."

गिताबाईनं दोन्ही हात नाकाशी नेले, खोल श्वास घेतला. हातांना नुसता लिंबाचा वास येत होता.